विश्लेषण : घरचे वाय-फाय, पण किल्ली कुणाकडे?

नवी इंटरनेट जोडणी द्यायला आलेला तंत्रज्ञ भिंतीवर डबा बसवतो, वायर जोडतो, मोबाइलवर वेग दाखवतो, पासवर्ड म्हणून घरमालकाचा मोबाइल नंबर टाकतो आणि पुढच्या घरी निघून जातो. त्यानंतर त्या डब्याच्या आतल्या मांडणीकडे वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही. नेट चालू आहे ना, मग झाले. घराला नवे कुलूप लावणारा माणूस किल्ली स्वतःच्या खिशात टाकून निघाला, तर कुणी त्याला जाऊ देणार नाही. राउटरच्या बाबतीत मात्र हे रोज घडते आणि ते कुणाला खटकतही नाही. पनवेल तालुक्यातील शिरढोणसारख्या गावांतही घरातला कॅमेरा, टीव्ही, मुलांचा अभ्यास आणि बँकेचे व्यवहार याच एका डब्यातून चालत असतील, तर त्याची किल्ली कुणाकडे आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा.

सानपाड्यात २००८ मध्ये काय घडले?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांत ५६ जणांचा बळी गेला. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल आला होता. हा मेल कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून, म्हणजे ‘आयपी अ‍ॅड्रेस’वरून निघाला, याचा माग काढत महाराष्ट्राचे दहशतवादविरोधी पथक नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोहोचले. तिथे एक अमेरिकी नागरिक कुटुंबासह राहत होता. त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले आणि जगभर बातम्या झळकल्या. पुढे स्पष्ट झाले, की त्याचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. त्याच्या घरातले वाय-फाय असुरक्षित होते आणि दुसऱ्याच कुणीतरी त्याचा वापर करून मेल पाठवला होता.

प्रकार तिथेच थांबला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीतील स्फोटांच्या दिवशी, चेंबूरमधील एका खासगी कंपनीचे वाय-फाय याच पद्धतीने वापरले गेले. त्यानंतर २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी रस्त्यावर फिरून उघडी वाय-फाय जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली, तर दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत सूचना दिल्या.

या प्रकरणाचा सामान्य ग्राहकासाठीचा धडा सोपा आहे. इंटरनेटवर घराची ओळख एकच असते. घरातला मुलगा, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू किंवा बाहेर गाडीत बसलेला अनोळखी माणूस, एकाच वाय-फायवरून कुणीही काहीही केले, तरी बाहेर दिसतो तो त्याच जोडणीचा पत्ता. कोणत्या वेळी कोणता पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद सेवा पुरवठादाराला ठेवावी लागते. त्या नोंदीत नाव असते ते ज्याच्या नावावर बिल येते त्याचे. तो निर्दोष असल्याचे नंतर सिद्ध होईलही, पण दारावरची पहिली थाप त्याच्याच घरी पडते.

शिरढोणच्या घराशी याचा काय संबंध?

सानपाडा शीव-पनवेल महामार्गावर आहे. त्याच वाटेने पनवेल गाठून मुंबई-गोवा महामार्गाला लागले, की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण येते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. शहर आणि गाव यांच्या सीमेवरच्या अशा वस्त्यांत वाय-फायचा प्रश्न शहरापेक्षा थोडा वेगळा असतो. इथे शेजारी अनोळखी नसतो. दार दिवसभर उघडे असते. ‘पासवर्ड देत नाही’ असे तोंडावर म्हणणे माणुसकीला सोडून वाटते. गणपतीत चाकरमानी येतात, लग्नकार्यात घर भरते, परीक्षेच्या दिवसांत शेजारचा मुलगा अर्ज भरायला येतो. एकदा दिलेला पासवर्ड त्या फोनमध्ये कायम राहतो आणि एका फोनमधून क्यूआर कोडने दुसऱ्यात जातो. वर्षभराने जाळ्यावर किती उपकरणे जोडलेली आहेत, हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून ‘कुणालाच पासवर्ड देऊ नका’ हा शहरी सल्ला इथे टिकत नाही. टिकेल असा उपाय राउटरमध्येच आहे. तो वापरण्यासाठी आधी राउटरच्या आत जाता आले पाहिजे.

पासवर्ड एक की दोन?

बहुतेक घरांना एकच पासवर्ड माहीत असतो, तो वाय-फायचा. प्रत्यक्षात दोन असतात. वाय-फायचा पासवर्ड घरात येऊ देतो. दुसरा असतो व्यवस्थापकाचा, म्हणजे ‘अ‍ॅडमिन’चा. तो घराची मांडणी बदलू देतो. फोन वाय-फायला जोडून ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी इंग्रजी आकड्यांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असे लिहिले, की बहुतेक राउटरचे पान उघडते. नेमका पत्ता आणि मूळ पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. अनेक कंपन्यांच्या मोबाइल अ‍ॅपमधूनही यातली बरीच कामे होतात.

गोम अशी, की हा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड अनेक जुन्या राउटरमध्ये ‘अ‍ॅडमिन’ इतकाच असतो आणि तो साऱ्या जगाला माहीत असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने असेच सुमारे ६० सर्वपरिचित नाव-पासवर्ड वापरून जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर झालेल्या हल्ल्यात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. जुलै २०१७ मध्ये भारतातही बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम अशाच हल्ल्यात बंद पडले आणि मूळ पासवर्ड बदलण्याचे आवाहन कंपनीला करावे लागले. त्या ग्राहकांनी काही चुकीचे केले नव्हते. डबा जसा आला तसाच चालू ठेवला होता, इतकेच.

वाय-फायच्या पासवर्डचेही तसेच. मोबाइल नंबर दहा आकडी असल्याने तो अवघड वाटतो. पण भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ याच आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे पर्याय उरतात ४०० कोटी. माणसाला हा आकडा प्रचंड वाटेल. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक, एकदा जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपली, की तेवढे पर्याय काही तासांत तपासू शकतो. शिवाय हा नंबर अर्ध्या गावाकडे असतोच. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहावेत. पागोळी, एसटी, जाते, कोकम अशा धर्तीचे. ते घरच्यांच्या लक्षात राहतात आणि बाहेरच्याला ओळखणे कठीण जाते. अर्थात छापून आलेले हेच चार शब्द कुणी वापरू नयेत.

सुरक्षेच्या प्रकारात ‘डब्ल्यूपीए३’ किंवा किमान ‘डब्ल्यूपीए२’ निवडलेले असावे. ‘डब्ल्यूईपी’ हा जुना प्रकार २००१ पासूनच फुटलेला आहे. आजही एखादा राउटर त्यावर चालत असेल, तर तो बदलण्याची वेळ झाली.

पाहुण्यांसाठी ‘ओटी’ कशी करावी?

कोकणातल्या जुन्या घराची रचना आठवावी. आलेला माणूस ओटीवर बसतो. त्याला पाणी मिळते, चहा मिळतो, गप्पा होतात. म्हणून तो थेट माजघरात जाऊन कपाट उघडत नाही. यात पाहुण्याचा अपमान नसतो, ती घराची रीत असते.

राउटरमधली ही ओटी म्हणजे ‘गेस्ट नेटवर्क’. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक राउटरमध्ये ही सोय असते, फक्त ती सुरू केलेली नसते. ती सुरू केली, की त्याच डब्यातून दुसऱ्या नावाचे, दुसऱ्या पासवर्डचे वाय-फाय मिळते. त्यावर आलेल्या फोनला इंटरनेट मिळते, पण घरातला संगणक, प्रिंटर किंवा कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग साठवणारा डबा त्याला दिसत नाही. या जाळ्याला वेगाची मर्यादा घालता येते आणि काही राउटरमध्ये वेळही ठरवून देता येते. गौरी-गणपतीचे विसर्जन झाले, की फक्त ओटीचा पासवर्ड बदलायचा. घरातल्या कुणाच्याही फोनला हात लावावा लागत नाही.

स्वस्तातले वाय-फाय कॅमेरे, स्मार्ट बल्ब हीदेखील एका अर्थाने पाहुणी मंडळीच. त्यांच्या आत कोणते सॉफ्टवेअर आहे आणि ते कधी अद्ययावत होणार, हे ग्राहकाला कळत नाही. मोबाइल अ‍ॅपवरून चालणारी अशी उपकरणेही शक्य असेल तर ओटीवरच बसवावीत.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. ओटीवरून बाहेर गेलेल्या माणसाचा पत्ताही घराचाच असतो. त्यामुळे ओटीला दार हवेच. बिनपासवर्डचे गेस्ट नेटवर्क म्हणजे पुन्हा सानपाडा. दुकानदाराला येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाय-फाय द्यायचे असेल, तर त्यासाठी केंद्राची ‘पीएम-वाणी’ योजना आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केली. तिच्यात वापरणाऱ्याची नोंद स्वतंत्रपणे होते. घरच्या जोडणीवर तो उद्योग करू नये.

काय बंद ठेवावे?

पहिले ‘डब्ल्यूपीएस’. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून उपकरण जोडण्याची ही सोय. आठ आकडी पिनचे १० कोटी पर्याय होतात, पण राउटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरूनच ठरतो. त्यामुळे प्रत्यक्षात ११ हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच उघड झाले. दुसरे, ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून राउटरचे पान उघडण्याची परवानगी. घरगुती ग्राहकाला तिची गरज नसते. तिसरे, ‘पोर्ट फॉरवर्डिंग’. बाहेरगावी असताना सीसीटीव्ही दिसावा म्हणून बसवणारा अनेकदा अशी खिडकी उघडून ठेवतो. त्या खिडकीतून फक्त घरमालकच पाहतो, याची खात्री नसते.

याउलट दोन उपाय लोकप्रिय आहेत, पण त्यांचा उपयोग थोडा. वाय-फायचे नाव लपवल्याने जाणकारापासून ते लपत नाही. ‘मॅक फिल्टर’, म्हणजे ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणारी यादी, कागदावर भक्कम वाटते. पण उपकरणाचा मॅक पत्ता नक्कल करता येतो. शिवाय आजचे फोन खासगीपणासाठी प्रत्येक जाळ्यावर वेगळा, बनावट मॅक पत्ता दाखवतात. परिणामी चोर बाहेर राहण्याऐवजी घरातलाच एखादा फोन अडकतो आणि वैतागून सगळी यादीच बंद केली जाते.

वेग नेमका कुठे अडतो?

राउटरच्या तक्रारींत सगळ्यात मोठी असते ती वेगाची. त्यावर ग्राहकाला सुचवला जाणारा हमखास उपाय म्हणजे महागडा प्लॅन. अनेकदा त्याची गरज नसते. चांगल्या दर्जाच्या व्हिडीओला सुमारे ५ एमबीपीएस लागतात, व्हिडीओ कॉलला त्याहून कमी. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर चार माणसांचे घर आरामात चालायला हवे. तरीही मुलीची ऑनलाइन मुलाखत सुरू असताना चित्र गोठते, कारण त्याच वेळी कुणाच्या तरी फोनमधले लग्नाचे दोन हजार फोटो क्लाउडवर चढत असतात.

हे समजायला शिरढोणकरांना दूर जायला नको. गणपतीच्या आधी मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी केली जाते. रस्ता तेवढाच राहतो, पण कंटेनरमागे अडकलेली एसटी सुटते. राउटरमधले ‘क्यूओएस’ किंवा ‘बँडविड्थ कंट्रोल’ हेच काम करते. फोटो, अपडेट, डाउनलोड ही अवजड वाहने. ती दहा मिनिटे उशिरा पोहोचली तरी बिघडत नाही. बोलणे आणि व्हिडीओ कॉल ही रुग्णवाहिका. तिला वाट मिळाली पाहिजे.

इथे एक बारकावा आहे. राउटरला जोडणीचा वेग सांगताना प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्केच सांगावा. ५० मिळत असतील तर ४५. असे केल्याने रांग कंपनीच्या यंत्रात न लागता घरच्या राउटरमध्ये लागते, आणि कुणाला पुढे सोडायचे हे राउटर ठरवू शकतो. डाउनलोडइतकीच अपलोडला मर्यादा घालणे महत्त्वाचे, कारण अपलोड तुंबले की सगळेच अडखळते. राउटर साधा असेल आणि त्यात ही सोय नसेल, तर फोटोंचा बॅकअप रात्री ठेवणे हाही उपायच आहे.

डब्याची जागाही पाहावी. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा लांब पोहोचतो, पण त्यावर गर्दी असते. त्यात १, ६ आणि ११ हेच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्यांतला कमी गर्दीचा निवडावा. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर थकतो. टीव्हीमागे कोपऱ्यात लपवलेला राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणला, तर फुकटात फरक पडतो.

मुलांच्या वेळा आणि घरातली सत्ता

राउटरमधून ठरावीक फोनचे इंटरनेट रात्री दहानंतर बंद करता येते, काही संकेतस्थळे अडवता येतात. दहावी-बारावीच्या वर्षात पालकांना ही सोय मोठा आधार वाटते. लहान मुलांसाठी ती उपयोगीही आहे. पण मोठ्या मुलांकडे मोबाइल डेटा असतो, त्यामुळे कुलूप लावून प्रश्न सुटत नाही. वेळ आधी सांगून, कारण देऊन ठरवलेली असेल, तरच ती पाळली जाते.

याहून नाजूक मुद्दा आहे तो घरातल्या अधिकाराचा. अ‍ॅडमिन पासवर्ड ज्याच्याकडे, त्याला कोणते उपकरण कधी जोडले गेले हे दिसते. अनेक राउटरमध्ये कोणती संकेतस्थळे उघडली त्यांची नावेही दिसतात. आतला मजकूर बहुधा दिसत नाही, पण नावेही पुष्कळ काही सांगतात. घरातल्या एकाच पुरुषाच्या हाती ही किल्ली असेल, तर सुनेचा किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा फोन कधी बंद करायचा, हेही तोच ठरवू लागतो. सुरक्षेच्या नावाखाली पाळत सुरू व्हायला वेळ लागत नाही. म्हणून अ‍ॅडमिन पासवर्ड घरातल्या किमान दोन प्रौढांना माहीत असावा आणि त्यांतली एक बाई असावी. तो वहीत लिहून कपाटात ठेवला तरी चालेल. दूरच्या हल्लेखोराला ते कपाट उघडता येत नाही.

जबाबदारी ग्राहकाची की कंपनीची?

हे सगळे ग्राहकाने शिकावे, असे म्हणणे सोपे आहे. पण विजेचा मीटर बसवणारा फ्यूज कसा जोडायचा ते ग्राहकाला शिकवत नाही, तो सुरक्षित जोडून जातो. मग राउटरच्या बाबतीत वेगळा न्याय का? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने सर्व उपकरणांना एकच मूळ पासवर्ड देण्यावर बंदी आणली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तशाच आशयाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून आहे. भारतातही दूरसंचार विभागाच्या राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्राने घरगुती वाय-फाय उपकरणांसाठी सुरक्षेच्या अटी तयार केल्या आहेत. मात्र अटी पाळणारा डबा कारखान्यातून निघाला, तरी तो भिंतीवर बसवताना पासवर्ड म्हणून मोबाइल नंबरच टाकला जाणार असेल, तर प्रमाणपत्राचा उपयोग काय?

कंपन्यांचेही एक म्हणणे आहे. ग्राहकाला पूर्ण अधिकार दिले, तर तो काहीतरी बिघडवतो आणि तक्रारींचा भार वाढतो. यात तथ्य आहे. फायबरच्या जोडणीत कंपनीची ओळख पटवणारे तपशील चुकून पुसले गेले, तर नेट बंद पडते. पण त्यावर तोडगा आहे. तो भाग कंपनीने कुलूपबंद ठेवावा आणि वाय-फाय, गेस्ट नेटवर्क, वेळा, वेगाची वाटणी हा घराचा भाग ग्राहकाच्या हाती द्यावा. आज अनेक ग्राहकांना कंपनीने दिलेल्या डब्यात आपल्याला अ‍ॅडमिन म्हणून जाता येते की नाही, हेच माहीत नसते.

नव्या जोडणीवेळी तीन गोष्टी सक्तीच्या करणे अवघड नाही. प्रत्येक ग्राहकाला वेगळा अ‍ॅडमिन पासवर्ड, पहिल्या दिवसापासून सुरू असलेले गेस्ट नेटवर्क, आणि हे दोन्ही कसे बदलायचे ते सांगणारा मराठीतला एक पानी कागद. कंपनी दुरून राउटरमध्ये जाऊ शकत असेल, तर तेही त्या कागदावर लिहिलेले असावे. तंत्रज्ञाची दहा मिनिटे जास्त जातील. त्या दहा मिनिटांचे पैसे कंपनीने त्याला द्यावेत, कारण आज त्याचा मोबदला किती घरे झाली यावर ठरत असेल, तर त्याच्याकडून सावकाश समजावून सांगण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

तोवर घरांनी अर्धा तास काढावा. आधी अ‍ॅडमिन पासवर्ड बदलावा, मग वाय-फायचा. गेस्ट नेटवर्क सुरू करावे. डब्ल्यूपीएस आणि रिमोट मॅनेजमेंट बंद करावे. राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. शेवटी जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून एकेक नाव ओळखता येते का ते पाहावे. गोंधळ झालाच, तर डब्यामागचे बारीक ‘रीसेट’ बटण आहे. मात्र त्याने सगळी मांडणी पुसली जाते आणि कंपनीचा माणूस बोलवावा लागू शकतो, म्हणून ते अखेरचा उपाय म्हणूनच दाबावे. जोडणीचा गैरवापर करून फसवणूक झाल्याची शंका आली, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे. डबा कंपनीने दिलेला असला, तरी बिलावर आणि वेळ आलीच तर पोलिसांच्या कागदावर नाव ग्राहकाचे असते. मग त्याची किल्लीही त्याच्याच घरात हवी.